शिवेचा दगड की वेशीचा?

प्रश्न सिन्नर तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. गावाच्या हद्दीवर, दोन गावांच्या शेतांमध्ये एक जुना कोरीव दगड उभा आहे आणि ग्रामपंचायतीला तिथे पाटी लावायची आहे. कुणी 'वेशीचा दगड' लिहा म्हणतं, म्हातारी माणसं 'शिवेचा' म्हणतात, आणि पोरांना वाटतं हे शिवाचं, म्हणजे महादेवाचं काहीतरी असणार.

म्हाताऱ्यांचं ऐका. वेस असते पांढरीला, शीव असते काळीला. पांढरी म्हणजे गावठाण, घरंदारं. तिच्यात शिरायचा दरवाजा ती वेस. जुन्या नाशकातले दिल्ली दरवाजा, नाव दरवाजा या जातीचे. काळी म्हणजे कसायची जमीन. ती जिथे संपते आणि शेजारच्या गावाची सुरू होते, ती शीव. म्हणून अब्रू टांगायची ती वेशीवर. शिवेवर टांगली तर बघायला येणार कोण, होले आणि तितर?

महादेवाचा इथे काही संबंध नाही. संस्कृत 'सीमा' प्राकृतातून घासत आली आणि शीव झाली. ग्राम-गाव, नाम-नाव या जोड्यांत 'म'चा 'व' झाला, तसाच इथेही. 'सी'चा 'शी' होणंही मराठीला नवं नाही. 'सीव्यति'चं 'शिवणे' तसंच झालं. शिवार, शिवरस्ता ही सगळी याच घरातली. मुंबईचं शीव स्टेशनही, कारण मुंबई बेट तिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी. दसऱ्याचं शिलंगण म्हणजे सीमोल्लंघनच. लग्नातल्या सीमांतपूजनाचं मात्र लोकांनी 'श्रीमंतपूजन' करून टाकलं. वराला शिवेवर सामोरं जायचा तो विधी आता हॉलच्या दारात उरकतो, त्यामुळे सीमा कुणाला आठवणार?

शब्दाचा माग काढायचा तर नाशिककरांना लांब जायला नको. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा राज्यवर्ष 24चा लेख आहे. भिक्षूंना आधी काखडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते कुणी कसत नाही, गावातही वस्ती नाही, म्हणून बदल्यात 100 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन दिली आहे. कुठली? नगराच्या सीमेवरची, राजाच्या मालकीची. तिथे शब्द आहे 'नगरसीमे'. जमीन मोजून द्यायची तर सीमा सांगावीच लागते, तेव्हाही आणि आता मोजणीच्या वेळीही.

एक गोष्ट मात्र पाटीआधी बघून घ्या. दगडावर वरती चंद्रसूर्य आणि खाली गाढव व बाई कोरलेली असेल, तर ती गधेगाळ. इथला गाळ चिखलाचा नव्हे, शिवीचा: दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला दिलेली शिवी, आणि ती चंद्रसूर्य असेपर्यंत लागू. असा दगड शिवेवर असला तरी तो मुळात दानाचा. ढाल-तलवार घेतलेला माणूस दिसला तर वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, मग शिवेची गोष्टच वेगळी.

यातलं काही नसेल तर सरळ 'शिवेचा दगड' लिहा. 'वे'ची मात्रा रंगाऱ्याला दोनदा दाखवा, नाहीतर 'शिवाचा' होऊन पुढच्या श्रावणात तिथे बेल वाहिला जाईल. आणि पाटी शेजारी खांब रोवून लावा, दगडावर ऑइलपेंट नको.