काकूंना विचारा : शेतावरचा स्वयंपाक

प्रश्न : काकू, आम्ही चौघी डिसेंबरात जांबोटीजवळ मामांच्या शेतात तंबू टाकून दोन रात्री राहणार. स्वयंपाकाला काय न्यावं? (टिळकवाडीची वाचक)

उत्तर : अगं, 3 लिटरचं जाड जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं, घट्ट झाकणासह. भात, पिठलं, चहा, सगळं त्यातच. जोंधळ्याच्या भाकरी नि शेंगाची चटणी घरूनच बांधा, तवा-परात वाचते.

सांडशी मात्र आधी पिशवीत टाक. चोर्ल्याकडे मी ती विसरले, ओढणीने पातेलं उचललं आणि अख्खी आमटी मातीत! चारही पोरं उपाशी झोपली, अजून जीव कळवळतो.

छोटी गॅस शेगडी ने, पण कितीही थंडी पडली तरी तंबूत पेटवू नकोस. बंद जागेत शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळतच नाही गं.