गेज वाढला की माल जाड होतो की बारीक?

‘गेज’ या एका शब्दावरून या वेळी लोखंडाच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंतच्या शंका आल्या आहेत. त्यांतल्या पाच इथे घेतल्या आहेत.

फाटकासाठी १८ गेजचा पत्रा ठरला होता. आता फॅब्रिकेटर म्हणतो, २० गेज घ्या, स्वस्तात बसेल. आकडा मोठा, मग पत्रा जाड असायला हवा. तो स्वस्त कसा?

पत्र्यात आणि तारेत हिशोब उलटा असतो. सोनार जंतराच्या भोकांतून तार ओढतो, तेव्हा दरवेळी ती थोडी बारीक होते. कारखान्यातही तार अशीच ओढत. जितक्या वेळा ओढली तितका आकडा वाढला, म्हणून मोठा आकडा म्हणजे बारीक तार. पुढे पत्र्यालाही तेच आकडे चिकटले. ब्रिटनने १८८४ मध्ये कायद्याने एक कोष्टक लागू केलं, ते एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज). आपल्या बाजारात तोंडी व्यवहार अजून त्यावरच चालतो. त्यानुसार १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, १८ म्हणजे १.२२, २० म्हणजे ०.९१ आणि २२ म्हणजे ०.७१ मिमी.

१८ वरून २० वर आलात, की चौथा हिस्सा लोखंड कमी झालं. पत्रा किलोवर विकला जातो, म्हणून बिल कमी. पण फाटकाचा मोठा पत्रा इतका पातळ घेतला, की वाऱ्याने डबडब वाजतो, आणि वेल्डिंगवाल्याचा हात जरा रेंगाळला की भोक पडतं. पैसे वाचवायचेच असतील तर पत्रा १८ चा ठेवून नक्षी कमी करा.

मालाची खात्री वजनकाट्यावर करता येते. ८ × ४ फुटी साधा पोलादी पत्रा १८ गेजचा असेल तर सुमारे २८ किलो भरतो, २० गेजचा सुमारे २१ किलो. (एक चौरस मीटर, एक मिमी जाड पोलाद ७.८५ किलो, बाकी गुणाकार.) मायक्रोमीटर (जाडी मोजायचं हत्यार) लावणार असाल तर कापलेल्या कडेवर लावू नका. तिथे कातरीने उठलेली धार असते आणि पातळ पत्राही जाड दिसतो. रंगाच्या थरावरूनही माप घेऊ नका. सगळ्यात बरं म्हणजे कोटेशनवर गेजऐवजी मिमी लिहून घ्या. अमेरिकी कोष्टक (एडब्ल्यूजी, अमेरिकन वायर गेज) वेगळं आहे: तिथली १८ नंबरची तार १.०२ मिमी भरते. परदेशी केबलवर एडब्ल्यूजी छापलेलं असेल तर आपलं कोष्टक तिला लावू नका.

शेततळ्यासाठी अंदाजपत्रकात ५०० मायक्रॉनचा कागद आहे. दुकानदार २००० गेजचा दाखवतो. चालेल का?

चालेल, दोन्ही एकच. प्लास्टिकच्या कागदात गेज सरळ चालतो: आकडा मोठा तितका कागद जाड. १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. म्हणून ‘हजार गेजचा, एकदम जाड’ असं कोणी ऐकवलं तर तो २५० मायक्रॉनचा, तुमच्या गरजेच्या निम्मा. इथेही वजन उपयोगी पडतं. ५०० मायक्रॉनचा एक चौरस मीटर तुकडा साधारण ४७० ग्रॅम भरायला हवा. जाडी कडेला एक आणि मध्ये एक असं होतं, तेव्हा रुंदीभर तीन-चार ठिकाणी मोजा. नळीसारखं दुपदरी प्लास्टिक घेताना सांगितलेला गेज एका पदराचा की दोन्ही पदरांचा, हे आधी विचारा. फसगत बहुधा तिथेच होते.

वडिलांच्या इन्सुलिन पेनसाठी ३२ जी सुई मिळाली नाही, ३१ जी मिळाली. चालेल का?

‘जी’ म्हणजे गेजच. सुया तारेच्या वंशातल्या, म्हणून इथेही आकडा मोठा तितकी सुई बारीक. ३२ जी साधारण ०.२३ मिमी, ३१ जी ०.२५ मिमी, फरक केसाएवढाही नाही. डोस पेनवर फिरवून ठरतो, तो सुईने बदलत नाही. पाहायची ती लांबी. ४ मिमीऐवजी ८ मिमीची सुई हाती आली तर अंगाने बारीक माणसात ती चरबीच्या थराखाली स्नायूत जाऊ शकते आणि औषध लवकर भिनून साखर अचानक उतरू शकते. लांबी बदलत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रक्तदानाची सुई १६ गेजची, म्हणजे बरीच जाड, ती उगाच नसते. नळीचा आतला व्यास निम्मा केला की त्याच दाबाखाली प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. आणि रंगावर जाऊ नका: इंजेक्शनची गुलाबी सुई १८ गेजची, पण सलाइनचा गुलाबी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) २० गेजचा. जखमेवरचा ‘गॉज’ हा मात्र वेगळाच शब्द, गेजशी त्याचं काही नातं नाही.

ब्रॉडगेज, नॅरोगेजमध्ये कसला आकडा?

रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, बस्स. ब्रॉडगेज १६७६ मिमी, मीटरगेज १०००, माथेरानची गाडी ६१० वर. जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ ची होती. पुणे मेट्रो १४३५ वर धावते, म्हणून तिचा डबा लोकलच्या रुळांवर चढणार नाही.

पंक्चर टायरला गेज शून्य दाखवतो. म्हणजे आत हवाच नाही?

हवा आहे, बाहेरच्याइतकीच. गेज फक्त बाहेरच्या दाबापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. तुम्ही ३२ पीएसआय भरता तेव्हा आत एकूण सुमारे ४७ असतात. गणितात एकूण दाबच घ्यावा लागतो: टायर २७ वरून ५७ अंशांवर तापला तर एकूण दाब दहा टक्के वाढतो, आणि काटा ३५ वर नाही, जवळजवळ ३७ वर जातो. म्हणून हवा गार टायरमध्ये मोजायची. लांबच्या प्रवासात वाढलेला आकडा पाहून हवा सोडली, तर सकाळी गार टायरमध्ये हवा कमी भरेल.

कुकरच्या शिट्टीचं वजनही असंच, बाहेरच्या दाबावर साधारण एक बार चढवतं. महाबळेश्वरला बाहेरचाच दाब कमी, म्हणून तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांना उकळतं आणि कुकरही मुंबईपेक्षा दोन-अडीच अंश थंड चालतो. डाळीला एक शिट्टी जास्त द्या.