पासपोर्ट फोटोंच्या शीटसाठी कोणती भाषा शिकू?

प्रश्न : ताई, नमस्कार. तालुक्याच्या गावी माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. फोटो दुरुस्त करायचं मोफत सॉफ्टवेअर जिम्प ३ वापरतो. भरतीचे फॉर्म सुटले की दिवसभर एकच काम असतं. फोटो कापायचा, खाली मराठीत नाव आणि तारीख टाकायची आणि चार बाय सहाच्या कागदावर आठ प्रती बसवायच्या. हे सगळं एका क्लिकवर करणारं प्लग-इन, म्हणजे जिम्पला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, स्वतः लिहायचंय. डिप्लोमाला जावा शिकलो होतो. मित्र म्हणतो सी शिक, भाचा म्हणतो पायथन, आणि जिम्पमध्ये स्क्रिप्ट-फू नावाचंही काहीतरी दिसतं. नेटवरून पायथनचं एक जुनं प्लग-इन उतरवून घातलं, तर ते मेनूत येतच नाही. कोणती भाषा धरू?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पायथन धरा. भाच्याचं बरोबर आहे.

आधी त्या जुन्या प्लग-इनचं सांगते, कारण नवशिक्यांचा पायथनवरचा विश्वास तिथेच उडतो. जिम्प २.१० मधली पायथनची प्लग-इन्स पायथन २ मध्ये लिहिलेली असत. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे थांबला. मार्च २०२५ मध्ये जिम्प ३ आलं ते पायथन ३ घेऊन, आणि सोबत प्लग-इनची नोंदणी करायची पद्धत आणि बऱ्याच आज्ञांची नावंही बदलली. तुम्ही उतरवलेली फाईल त्या जुन्या पिढीची असणार. ती दुरुस्त करत बसू नका, नवीन लिहिणं सोपं जाईल. एक नियम मात्र लक्षात ठेवा. जिम्प ३ मध्ये प्लग-इनची फाईल तिच्याच नावाच्या फोल्डरमध्ये असावी लागते. प्लग-इन्सच्या फोल्डरमध्ये नुसती फाईल टाकली तर जिम्प तिच्याकडे बघतही नाही. लिनक्सवर असाल तर फाईलला चालवण्याची परवानगीही द्यावी लागते.

आता भाषा. लोक विचारतात, ‘सगळ्यात चांगली भाषा कोणती?’ मी उलट विचारते, तुमचं प्लग-इन स्वतः रंग मोजणार आहे की जिम्पकडून काम करून घेणार आहे? तुमच्या कामात फोटो लहान करणं, नवा कागद उघडणं, थर (लेयर) हलवणं आणि अक्षरं टाकणं एवढंच आहे, आणि या प्रत्येकाची आज्ञा जिम्पमध्ये तयार आहे. हेल्प मेनूतला प्रोसीजर ब्राउझर उघडा, सगळी यादी मिळेल. तुम्ही फक्त क्रम सांगायचा. क्रम सांगायला सी शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. विंडोजवर सीचं प्लग-इन कंपाईल करण्याची, म्हणजे कोडपासून चालणारी फाईल बनवण्याची, तयारी करण्यातच नवा माणूस दमतो.

स्क्रिप्ट-फू म्हणजे स्कीम ही भाषा. ती जिम्पमध्ये खूप जुनी आहे आणि दहा-पंधरा ओळींच्या कामाला छान आहे. पण तिच्यात तीन आणि पाचची बेरीज करायची तरी अधिकचं चिन्ह आधी आणि आकडे नंतर, तेही कंसात. जावा शिकलेल्या हाताला हे वळण जड जातं. शिवाय उद्या एक्सेलमधून काढलेल्या यादीतली नावं वाचावीशी वाटली तर पायथनमध्ये त्याची सोय हाताशी आहे, स्कीममध्ये खटपट करावी लागेल. जावासाठी जिम्पने अधिकृत वाट ठेवलेली नाही. तरी तुमची जावा फुकट जात नाही. जिम्प ३ मधलं पायथन प्लग-इन हा एक क्लास असतो, जिम्पच्या मूळ प्लग-इन क्लासपासून वारसा घेतलेला. त्यात एक मेथड ‘माझ्याकडे कोणकोणती कामं आहेत’ हे सांगते, आणि दुसरी त्या कामाचं मेनूतलं नाव आणि जागा ठरवून ते जिम्पच्या हवाली करते. वारसा म्हणजे काय हे कळलेल्या माणसाला ही रचना एका बैठकीत समजते.

तुमची शीट मी कागदावर मांडून पाहिली. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. चार बाय सहा इंचाचा कागद आडवा धरला तर १८०० बाय १२०० पिक्सेल. आडवे चार फोटो म्हणजे १६५२, उरले १४८. ते पाच फटींत वाटले की प्रत्येकी २९ पिक्सेल, म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर, कटरला पुरेसे. उभे दोन फोटो १०६२, उरलेले १३८ तीन फटींत ४६-४६. आठ जागांसाठी एकात एक दोन लूप लिहायचे, बाहेरचा ओळींचा, आतला रकान्यांचा. डावीकडून अंतर म्हणजे २९ अधिक रकाना गुणिले ४४२. वरून अंतर म्हणजे ४६ अधिक ओळ गुणिले ५७७. मोजणी शून्यापासून धरायची. प्लग-इनचा गाभा एवढाच आहे.

नाव आणि तारीख आठ प्रती करण्याआधी टाका, नंतर नाही. आधी एकाच फोटोच्या तळाशी पांढरी पट्टी, तिच्यावर अक्षरांचा थर, मग सगळे थर एकत्र करायचे आणि त्या एका थराच्या प्रती काढायच्या. जोडाक्षरांची काळजी करू नका. जिम्प अक्षरं पँगो आणि हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्रऱ्यांकडून जुळवून घेतं, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ असो की ‘सूर्या’, युनिकोड फाँट दिला की नीट उमटतं. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित घ्या. पायथन ३ मध्ये मराठी मजकूर थेट युनिकोड म्हणूनच राहतो, पायथन २ मध्ये त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागे. आणि गिऱ्हाईकाच्या मूळ फोटोला हात लावू नका. प्लग-इनने पहिल्याच ओळीत चित्राची प्रत काढावी आणि पुढचं सगळं तिच्यावर करावं.

सी कुठे लागते तेही सांगते. माझा रोजचा धंदा जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं स्वच्छ करण्याचा. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं की साधारण साडेतीन कोटी पिक्सेल भरतात. पायथनने एकेक पिक्सेल उचलून पिवळेपणा काढायला बसलं तर प्रत्येक पानाला ताटकळावं लागतं. म्हणून मी पायथनमधून फक्त हुकूम सोडते, लेव्हल्स या इतक्या, थ्रेशोल्ड इतका. प्रत्यक्ष आकडेमोड जिम्पचं आतलं इंजिन, जीईजीएल, करतं आणि ते सीमध्येच लिहिलेलं आहे. कुणाकडेच नाही असा नवा फिल्टर स्वतःच्या गणिताने बनवायचा असेल, तेव्हा जीईजीएलचं ऑपरेशन सीमध्ये लिहावं. त्या वाटेला तुमचं काम जात नाही.

सुरुवात कोऱ्या फाईलपासून करू नका. फिल्टर्स मेनूत डेव्हलपमेंटखाली नमुन्याची प्लग-इन्स आहेत. एकच छोटं काम अनेक भाषांत लिहून दाखवलंय, आणि खिडकीतलं सोर्सचं बटण दाबलं की कोड समोर येतो. पायथनचा नमुना घ्या, नाव बदला, मेनूत दिसतोय का बघा. दिसला की मगच त्यात एकेक आज्ञा घाला. आज्ञा आधी पायथन कन्सोलमध्ये, म्हणजे एकेक ओळ टाईप करून लगेच चालवायच्या खिडकीत, चालवून बघायची सवय लावा, चूक कुठे झाली ते तिथल्या तिथे कळतं. प्लग-इन कोसळलं तरी घाबरायचं कारण नाही. जिम्पमध्ये ते वेगळी प्रोसेस म्हणून चालतं, बंद पडलं तरी बहुधा जिम्प चालू राहतं.

प्रश्न : माझ्याकडे फोटोशॉप आहे आणि बहीण कृतामध्ये चित्रं काढते. दोघांना एकच भाषा चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कृतामध्ये २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून पायथन आहे, बहिणीने तेच शिकावं. फोटोशॉपच्या नव्या प्लग-इन्ससाठी, म्हणजे यूएक्सपी या अडोबीच्या प्लग-इन व्यवस्थेसाठी, जावास्क्रिप्ट लागते. वेगवान स्वतंत्र फिल्टरला सी प्लस प्लस. तुम्ही जावास्क्रिप्टपासून सुरुवात करा. एकाचं प्लग-इन दुसऱ्यात चालणार नाही, पण काय कोणत्या क्रमाने करायचं याचा कागदावरचा आराखडा दोघांना एकच वापरता येईल.