लूपमधली ओळ केशरी आणि ‘फॉर’ मात्र लाल, असं का?

तुमचा प्रश्न असा, की पॉलिस्पेस कोड प्रूव्हरने (सी कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलने) लूपमधली अ‍ॅरेची ओळ केशरी दाखवली आणि लाल खूण केली ती वरच्या ‘फॉर’वर, तर चूक नेमकी कितव्या फेरीत आहे ते कसं शोधायचं. मी गाड्यांच्या बॅटरी कंट्रोलरसाठी सी लिहितो आणि अगदी याच जागी दोन दिवस अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टूलच्या रंगांत लाल म्हणजे चूक नक्की, केशरी म्हणजे चूक होऊ शकते आणि हिरवा म्हणजे चूक नाही हे सिद्ध. हे टूल प्रोग्राम चालवत नाही. लूपच्या सगळ्या फेऱ्यांत व्हेरिएबलला ज्या ज्या किमती मिळू शकतात, त्यांची एकत्र मोट बांधतं आणि ओळ त्या मोटेवर तपासतं. (पॅट्रिक आणि राधिया कूझो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनचा हा पाया.) त्यामुळे काही फेऱ्या बिनचूक आणि एखादी चुकीची असेल तर ओळ केशरी होते. ती चुकीची फेरी येणारच, हे सिद्ध झालं की ‘फॉर’ लाल होतो.

माझ्याकडे १२ सेलचे व्होल्टेज एका अ‍ॅरेत होते, इंडेक्स ० ते ११. शेजारच्या दोन सेलमधला फरक काढायला लूपमध्ये ‘आय अधिक १’ वाचत होतो आणि लूपची अट होती ‘आय १२ पेक्षा लहान’. टेस्ट बेंचवर महिनाभर काहीच बिघडलं नाही, कारण अ‍ॅरेच्या पुढच्या जागेत तापमानाचं व्हेरिएबल होतं आणि तेच मुकाट्याने वाचलं जात होतं. शेवटचा फरक अधूनमधून विचित्र यायचा; आम्ही सेन्सरला दोष देत बसलो.

केशरी ओळीकडे बघत बसू नका, कंसातल्या इंडेक्सवर कर्सर न्या. मला तिथे १ ते १२ अशी रेंज दिसली. १२ ही किंमत अ‍ॅरेच्या बाहेर, म्हणजे आय ११ असताना, बाराव्या फेरीत. तरीही खात्री पटत नसेल तर शेवटची फेरी लूपमधून काढून खाली वेगळी लिहा आणि पुन्हा अ‍ॅनालिसिस चालवा. लूपमधली ओळ हिरवी होते आणि बाहेर काढलेली लाल. मला हा उपाय सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात तर्काला जागाच उरत नाही.

फेऱ्यांची संख्या बाहेरून येत असेल, समजा कॅन (गाडीतल्या कंट्रोलरचं आपसातलं नेटवर्क) मेसेजमधल्या एका बाइटमधून, तर ‘फॉर’ लाल होणार नाही, नुसती केशरी ओळ मिळेल. टूल ती संख्या ० ते २५५ धरतं. तेव्हा लूप सोडा आणि ती संख्या जिथे वाचली जाते तिथे जा. तिथे मर्यादेची तपासणी नसेल तर ती खरीच चूक आहे, ‘उगाचची वॉर्निंग’ म्हणून बंद करू नका.

लूपच्या खालच्या कोडवर एकही रंगीत खूण नसेल तर तोही याच चुकीचा परिणाम: तिथपर्यंत कुठलीच वाट पोहोचत नाही असं टूलला दिसतंय, म्हणून तो तपासलेलाच नाही. मी अट ‘११ पेक्षा लहान’ केली तेव्हा ‘फॉर’ची लाल खूण गेली आणि खाली चार नव्या केशरी ओळी उगवल्या. दुरुस्तीने काही बिघडलं असं समजून मी ती मागे घ्यायला निघालो होतो. तुम्ही तसं करू नका, त्या ओळी आधीपासूनच तशा होत्या.