आंबा कलेक्शन सेंटर कुठे टाकू?

प्रश्न: ताई, आम्ही दाभोळ खाडीच्या दोन्ही बाजूच्या 14 गावांतले बागायतदार मिळून 2 कलेक्शन सेंटर काढतोय. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये (सगळ्यात चांगला पर्याय शोधून देणारं टूल) टाकलं तर व्हेरिएबल जास्त झाले म्हणतोय. काय करू?

उत्तर: दादा, साध्या सॉल्व्हरला 200 व्हेरिएबलचीच, म्हणजे त्याने ठरवायच्या आकड्यांचीच, लिमिट असते, आणि तुम्ही 14 ही गावं सेंटरची जागा म्हणून धरलीत की कुठल्या गावाचा माल कुठल्या जागेला याचेच 14 गुणिले 14 म्हणजे 196, वर प्रत्येक जागेचं हो-नाहीचं एकेक, झाले 210. ओपनसॉल्व्हर हे फुकटचं ॲड-इन (एक्सेलला जोडायचं जादा टूल) टाका, त्याला ही लिमिट नाही. पण मी म्हणेन आधी टेम्पो वळेल, सावली-पाणी असेल अशा 6 च जागा निवडा, मग 6 मधल्या 2 च्या जोड्या होतात फक्त 15, त्या साध्या शीटमध्ये पण तपासून होतील.

खरी गडबड अंतरात होते बघा. नकाशावर दाभोळ आणि धोपावे अगदी समोरासमोर, सरळ रेषेत मोजलं तर सॉफ्टवेअर दोन्हीकडचा माल एकाच सेंटरला लावून मोकळं होणार, पण मध्ये खाडी आहे ना, फेरीबोट चुकली की थांबा नाहीतर चिपळूणकडून वळसा घाला. म्हणून किलोमीटर नको, मिनिटं भरा, फेरीची वाट धरून. आणि प्रत्येक गावाच्या मिनिटांना तिथल्या क्रेटच्या संख्येने गुणा, नाहीतर 20 क्रेटवाली वाडी आणि 400 क्रेटवालं गाव सारखंच मोजलं जाईल.