दसऱ्याची वाट पाहू नका, घटस्थापनेलाच निघा

प्रश्न धुळ्याच्या एका वाचकाचा आहे. सूतगिरणीत स्पिनिंग मास्टर, पगार 75 हजार. बांगलादेशात गाझीपूरच्या एका मिलने आपल्या रुपयांत महिना 2 लाख 20 हजार देऊ केलेत. ते लिहितात, "सप्टेंबरमध्ये या म्हणताहेत, पण इथला 60 हजार दिवाळी बोनस हातात पडला की 1 नोव्हेंबरला हजर होईन म्हणतो. आई पण म्हणते पितरपाटात घर सोडू नको, दसरा होऊ दे. साडू दुबईला आहेत, ते सांगतात परदेशातल्या पगारावर इथे टॅक्स नसतो. खरं का?"

भाऊ, साडूंचं खरं आहे, पण त्यांच्यापुरतं. ते वर्षातले अकरा महिने तिकडेच असतात आणि दुबईत पगारावर टॅक्स नाही. बांगलादेशात तो आहे, आणि तुम्ही कधीही गेलात तरी तिथला टॅक्स तिथे भरावाच लागेल. इथे भरायचा की नाही, हे मात्र तुमच्या तिकिटाच्या तारखेवर आहे.

नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो करापुरता अनिवासी. 182 भरले की निवासी, आणि मग जगात कुठेही कमावलेला पैसा इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. 1 एप्रिलपासून मोजा. 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 214 दिवस होतात. दसरा 2 ऑक्टोबरला, तेव्हाही 185. म्हणजे बोनस आणि दसरा, दोन्ही उशिराचे.

नोव्हेंबरला गेलात तर इथले सात पगार 5 लाख 25 हजार, तिथले पाच 11 लाख. बोनस धरलाच नाही. 75 हजारांची प्रमाणित वजावट काढून साडेपंधरा लाख राहतात, त्यावर नवीन पद्धतीने सेससह 1 लाख 17 हजार टॅक्स. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तिथे भरलेल्या टॅक्सची वजावट फॉर्म 67 भरून मिळते. पण ती फक्त त्या 11 लाखांच्या वाट्याला येणाऱ्या इथल्या टॅक्सपुरती, साधारण 79 हजार. उरलेले 38 हजार खिशातूनच. तेही तिथल्या मिलने टॅक्स कापून सरकारात भरला आणि त्याचा कागद तुम्हाला दिला तर. त्यांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे तो कागद आपल्या वर्षाशी जुळवताना तुमच्या सीएंचा घाम निघतो. अर्धा पगार खात्यात, अर्धा रोख, असं कोणी सुचवलं तर तिथल्या टॅक्सची ही वजावट विसरा. नोकरीचाच फेरविचार करा.

आता दुसरी बाजू. पितृपक्ष 21 सप्टेंबरला संपतो, 22 ला घटस्थापना. त्या दिवशी निघालात तर निघण्याचा दिवस धरून 175 दिवस. पितरपाटाबद्दलचा आईंचा शब्दही राहतो. इथला पगार सव्वाचार लाखांच्या आसपास, वजावटीनंतर चार लाखांच्या आत, म्हणजे इथला टॅक्स शून्य. तिथल्या पगाराला इथे हात लागत नाही. शिवाय जवळपास साडेपाच आठवडे आधी मोठा पगार सुरू होतो. महिन्याला 1 लाख 45 हजारांचा फरक आहे, भाऊ. त्यापुढे 60 हजारांचा बोनस धरून बसणं मला पटत नाही. राजीनामा देताना तो महिन्यांच्या हिशोबाने मागून बघा.

दिवाळीला मात्र जपून. 31 मार्चपर्यंत तुमच्याकडे फक्त सहा दिवस उरतात. 19 ऑक्टोबरला उतरा, 23 ला भाऊबीज करून निघा. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरून पाच झाले. मोजणी पासपोर्टवरच्या शिक्क्याने होते. कोलकात्याला उतरून गीतांजलीने भुसावळला आलात तर गाडीत गेलेला दिवसही भारतातलाच. त्यामुळे या खेपेला विमानच करा. लग्नं, जावळं, जे काही असेल ते एप्रिलनंतर ठेवायला सांगा. तेव्हा मोजणी नव्याने सुरू होते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पगार कुठे जमा होतो यात. मिल म्हणेल, थेट धुळ्याच्या खात्यात टाकतो. नको म्हणा. अनिवासी माणसाचा पगारही पहिल्यांदा भारतात मिळाला तर इथे करपात्र ठरू शकतो. आधी ढाक्याच्या खात्यात घ्या, मग घरी पाठवा. तिथून किती पाठवता येतो याला मर्यादा असते, ती सही करण्याआधी मिलला विचारा, आणि वर्क परमिट त्यांच्याच खर्चाने करून घ्या. इथलं बचत खातं जाताना एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथलं रुपयांचं खातं, करून घ्या. त्याच्या व्याजावर बँक 30 टक्के आणि वर सेस कापेल, तो रिटर्न भरून परत मिळवता येतो.

नोटीस एक महिन्याची आहे म्हणता, तर 20 ऑगस्टच्या आत राजीनामा टेबलावर पाहिजे.