सरकारी मनोरुग्णालयातले १२० तास: परवानगीपासून केस रेकॉर्डपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीचं दुसरं वर्ष आहे, कॉलेजने सरकारी मानसिक आरोग्य सेवेत १२० तास भरून यायला सांगितलंय, पण अर्ज कुणाला करायचा आणि तिथे गेल्यावर करायचं काय, हे कुणी नीट सांगत नाही. आणि दुसरा प्रश्न: या तासांवर आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी मिळते का? जमेल तेवढं सविस्तर लिहिते.

आधी जागा. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्याशिवाय सरकारी मेडिकल कॉलेजांचे मानसोपचार विभाग आणि जिल्हा रुग्णालयांतून चालणारा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. मनोरुग्णालयात दीर्घकाळचा स्किझोफ्रेनिया आणि घरचे न्यायला न आलेली माणसं जास्त दिसतात. मेडिकल कॉलेजात दारू, डिप्रेशन, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) आणि मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डातून आलेले रेफरन्स. जिल्हा कार्यक्रमाची टीम तालुक्याच्या ओपीडीलाही जाते, तिथे एका पेशंटला पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. एकच जागा निवडायची असेल तर माझं मत मेडिकल कॉलेजला. तिथे निवासी डॉक्टरांचं शिक्षण चालू असतं, त्यामुळे केस मांडायची आणि त्यावर प्रश्न विचारायची सवय त्या विभागाला असते.

अर्ज मनोरुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, मेडिकल कॉलेजात अधिष्ठात्यांच्या नावे (विभागप्रमुखांमार्फत), जिल्ह्यात जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे. कॉलेजच्या लेटरहेडवर विद्यार्थ्यांची नावं, तारखा, एकूण तास, जबाबदार प्राध्यापकांचा मोबाईल आणि गोपनीयता पाळण्याची हमी. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलात की पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच असतो. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. आणि परवानगीइतकंच महत्त्वाचं: तिथल्या कोणत्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या हाताखाली काम करायचं ते नावानिशी पत्रात येऊ द्या. नाव नसेल तर विद्यार्थी ओपीडीच्या दाराशी नंबर पुकारत बसतो, आणि तेही तास म्हणून वहीत लागतात.

१२० तास म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस दिवस. बहुतेक कॉलेजं ते सलग उरकतात. शक्य असेल तर असं करू नका. आठवड्याला तीन दिवस असे सात आठवडे मागून घ्या. ओपीडीचा पेशंट गोळ्या घेऊन पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने परत येतो. सलग वीस दिवसांत तो तुम्हाला जेमतेम एकदा-दोनदा दिसतो, सात आठवड्यांत दोन-तीनदा. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस तिसऱ्या खेपेला पेरणीचं बोलायला लागतो, ते बघणं हेच खरं शिक्षण. पन्नास पेशंट लांबून पाहण्यापेक्षा सहा जणांच्या केसेस मुळापासून घ्या.

आता केस हिस्ट्री. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विद्यार्थी इंग्रजी फॉरमॅट मनातल्या मनात भाषांतरित करून विचारतात: ‘तुमचा मूड कसा आहे?’ समोरचा म्हणतो, ‘बरा आहे.’ संपलं. त्याऐवजी करमतं का, जेवण गोड लागतं का, जीव घाबरा होतो का, पहाटे किती वाजता जाग येते, असं विचारा. उत्तर त्याच्याच शब्दांत अवतरणात लिहा, लक्षणाचं नाव नंतर द्या. नातेवाईक ‘बाहेरचं बघून आलो’ म्हणाले तर तो विषय टाळू नका. कुठे गेले, किती दिवस, किती पैसे गेले, त्या काळात गोळ्या बंद होत्या का, हे सगळं हिस्ट्रीत यायला हवं. ‘करणी केलीय’ हे वाक्य ऐकताच भ्रम (डिल्युजन) म्हणून नोंदवू नका. घरातले सगळे तेच मानत असतील तर ती त्या घराची समजूत असू शकते. घरच्यांनाही पटत नाही, तरी हा एकटा त्यावर ठाम आहे आणि रोज नवे पुरावे गोळा करतोय, तिथे भ्रमाचा विचार करा.

मानसिक स्थिती तपासतानाही तेच. शंभरातून सात वजा करत जा, हे शाळेत न गेलेल्या आजींना विचारून लक्ष कमी असल्याचं लिहिणं हा अन्याय आहे. वार उलटे म्हणायला सांगा, किंवा वीसपासून एकेक कमी करत मोजायला सांगा. तारीख येत नसेल तर वार कोणता, नुकताच कोणता सण झाला ते विचारा. म्हणीचा अर्थ विचारायचा तर ‘नाचता येईना अंगण वाकडं’ आहेच की.

चाचण्यांबाबत: सेग्विन फॉर्म बोर्ड ही मुलांच्या बुद्धीची चाचणी, त्यात खाचांत बसवायचे दहा लाकडी आकार असतात, तीन फेऱ्या घ्यायच्या आणि सर्वांत कमी वेळ धरायचा. घाईत एकाच फेरीवर भागवलं जातं, मग मुलाचं मानसिक वय चुकतं. मानसिक आजाराच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयडियाज ही अपंगत्व मोजायची मोजपट्टी लागते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-आकलन आणि काम, या चार क्षेत्रांना प्रत्येकी ० ते ४, वर आजाराच्या वर्षांचे १ ते ४, एकूण २०. सातपासून पुढे ४०% चा उंबरठा ओलांडला जातो आणि योजनांचं दार उघडतं. सहावर अडकलेल्या मुलाची आई ‘एक वाढवा ना ताई’ म्हणते तेव्हा पोटात तुटतं. तरी आकडा तुम्ही बदलायचा नाही. पुन्हा नीट विचारा, आंघोळ कोण घालतं, दुकानात एकटा जातो का. बऱ्याचदा पहिल्यांदा विचारणंच अपुरं राहिलेलं असतं. नवी माहिती लिहून सुपरव्हायजरपुढे ठेवा, निर्णय त्यांचा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ पाठ असू द्या, ते गोपनीयतेचं आहे. केस पेपरचा फोटो मोबाईलमध्ये काढायचा नाही, अगदी नाव झाकूनही. रेकॉर्डमध्ये नाव-गावाऐवजी संकेत वापरा. कलम ८६ खाली स्वतःहून दाखल झालेला आणि ८९ खाली इतरांच्या अर्जावरून दाखल झालेला, यांतला फरक वॉर्डात जायच्या आधी समजून घ्या. ८९ ची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. ‘कुणाला सांगू नका, पण मला जगायचं नाही’ असं पेशंट म्हणाला तर गुपित ठेवायचं वचन देऊ नका. त्याला सांगूनच ड्युटी डॉक्टर आणि सिस्टरना त्याच क्षणी कळवा, वेळेसकट नोंद करा, आणि दुसरं कुणी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

वॉर्डातल्या मावशी-मामांशी ओळख करून घ्या. रात्री कोण झोपलं नाही, कुणी ताट परत पाठवलं, हे त्यांना फाइलच्या आधी ठाऊक असतं.

शेवटचं, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: नाही, या तासांवर आरसीआयची नोंदणी मिळत नाही. त्यासाठी आरसीआयमान्य अभ्यासक्रमच करावा लागतो, आणि तोवर नावापुढे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लावता येत नाही. मात्र त्या प्रवेशाच्या मुलाखतीत ‘एखादी केस सांगा’ म्हटलं की हीच सहा रेकॉर्ड उपयोगी पडतील, म्हणून प्रत्येकावर सुपरव्हायजरची सही आणि तारीख त्याच आठवड्यात घ्या.